कात्री, खळ आणि चार ओळी

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाऊन नुसतं विचारून बघावं, "घरी भेटकार्ड करायचंय, काय काय लागेल?" दुकानदार समोर ढीग मांडतो. अर्धे मोती, सॅटिनच्या रिबिनी, कागदी फुलं, चमकी, नक्षी कापणारे पंच, वेलबुट्टीच्या कात्र्या, स्टेन्सिल, रबरी शिक्के, फोमची टेप. त्या कार्डात लिहायचं काय, हे मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. स्क्रॅपबुकाची साधी पानं आणि हाताने केलेली कार्डं या छंदाचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत यातली सजावट वाढत गेली आणि मजकूर आटत गेला. मागे उरलेल्या जुन्या वह्या आणि कार्डं आज कोणी उघडतं, ते मात्र त्यातल्या मजकुरासाठी.

या छंदाचं नातं टपालाशी आहे. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागलं. या सुधारणेसाठी खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल होते. पत्रं स्वस्त झाल्यावर नाताळात त्यांच्याकडेच एवढी पत्रं आली, की एकेकाला उत्तर लिहायला सवड होईना. म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापून हाताने रंगवून घेतलं आणि खाली नाव घालायला जागा ठेवली. पहिलं व्यापारी नाताळकार्ड ते हेच. म्हणजे छापील नाताळकार्ड जन्माला आलं तेच हाताने लिहिणं टाळण्यासाठी. किंमत एक शिलिंग, टपालखर्चाच्या बारापट. चित्रातलं कुटुंब वाईनचे पेले उंचावतंय आणि एका लहान पोरीलाही घोट पाजला जातोय, म्हणून दारूबंदीवाले खवळले, तो भाग वेगळा.

अमेरिकेत एस्थर हाउलँड या तरुणीने १८४०च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी, वडिलांच्या स्टेशनरीच्या धंद्याच्या आधाराने व्हॅलेंटाइन कार्डांचा व्यवसाय उभा केला. नक्षीदार जाळीचा कागद, त्याखाली रंगीत कागद, वर छोटी चित्रं. मैत्रिणी टेबलाभोवती बसायच्या; एक कापायची, दुसरी चिकटवायची, तिसरी पुढे सरकवायची. "हँडमेड" म्हणून आज प्रदर्शनांत विकल्या जाणाऱ्या कार्डांची कामाची रीत अजून तीच आहे. पुढे रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली आणि जर्मनीतून उठावाची, कडेने कापलेली फुलं, देवदूत, मांजरं यांचे ताव सगळीकडे जाऊ लागले. मुलं ती वह्यांत चिकटवू लागली. खळीने हात आणि तोंडातले शब्द दोन्ही बिघडतात, हे मार्क ट्वेनला चांगलं ठाऊक असावं. त्याने १८७३ साली पानांवर आधीच डिंकाच्या पट्ट्या असलेल्या वहीचं पेटंट घेतलं. पट्टी ओली करायची, कात्रण दाबायचं, काम झालं. वही चांगली खपली.

त्याच काळात फिलाडेल्फियातले विल्यम डॉर्सी हे कृष्णवर्णीय गृहस्थ वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवत होते. त्यांच्या सुमारे चारशे चिकटवह्या उरल्या. आपल्या समाजाचा इतिहास मुख्य प्रवाहातले इतिहासकार लिहिणार नाहीत, तेव्हा निदान त्याचे पुरावे तरी एका जागी असावेत, असा तो उद्योग होता आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याचा भरपूर उपयोग केला. त्यात ना रिबीन, ना मोती.

आजचं स्क्रॅपबुक, म्हणजे बारा इंची चौकोनी पान, जुळणारे रंगीत कागद आणि बाजारात मिळणारी सजावट, हे मात्र युटाचं देणं आहे. तिथल्या मॉर्मन पंथात वंशावळ आणि घराण्याच्या नोंदी ठेवणं हा धर्माचरणाचाच भाग. मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने कुटुंबाच्या आठवणींचे पन्नासावर खंड केले होते. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत नोंदींविषयीची जागतिक परिषद भरली, तिथे ते मांडले गेले आणि लोकांनी विचारून विचारून त्यांना हैराण केलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या पतीने स्पॅनिश फोर्क या गावात दुकान काढलं. नंतर घरोघरी बैठका घेऊन माल विकणाऱ्या कंपन्या आल्या, मासिकं आली, २००६ साली क्रिकटसारखी घरगुती कापणी यंत्रं आली. मग फोटो फोनमध्ये गेले, फेसबुकवर गेले आणि ती लाट ओसरली. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणींनी खिशांच्या पानांची सोपी वाट धरली: एका खिशात फोटो, शेजारच्या खिशात चार ओळींचा चिठोरा. मला विचाराल तर त्या सगळ्या उद्योगातून निघालेली सर्वात शहाणी वस्तू हीच.

आपल्याकडे कोणी ही गोष्ट युटाहून आणायची गरज नव्हती. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या, आणि घरातल्या बायकांनी त्या चित्रांवर आपला हात चालवला. साडीच्या जागी खरं कापड, काठाला जर, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी. अशी नटवलेली चित्रं आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. छापील चित्र घेऊन त्यावर थर चढवत ते आपलं करणं, हाच तर या कलेचा गाभा. रुखवतात मांडलेल्या कागदी आणि कापडी वस्तूंतही तोच हात दिसतो.

दुसरी परंपरा हस्तलिखितांची. छापणं परवडत नसे तेव्हा शाळा-कॉलेजांत वर्षाकाठी एक हस्तलिखित अंक निघायचा. ज्याचं अक्षर चांगलं त्याने लिहायचं, ज्याला चित्र येतं त्याने काढायचं, मुखपृष्ठ चित्रकलेच्या सरांच्या नजरेखाली. प्रत एकच, ती ग्रंथालयात हातोहात फिरायची. या अंकांत सजावट मजकुराच्या मागे चालते, आणि पानाची मांडणी शिकायला परदेशी पुस्तकांपेक्षा ते कितीतरी बरे. तिसरी परंपरा कात्रणांची. क्रिकेटवेड्या पोरांनी रद्दीत जाण्याआधी वाचवलेली 'एकच षटकार'ची पानं, कुणाच्या आजोबांनी जपलेले अग्रलेख, शाळेच्या कार्यानुभवातली पानाफुलांची वही. आणि गोव्यात, लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी ऐन तारुण्यात लिहिलेल्या, म्हणजे खरं तर चितारलेल्या रोजनिश्या. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्या वह्या नंतर पुस्तकरूपाने आल्या. लग्नं, जेवणावळी, बसप्रवास, शेजारीपाजारी, सगळं रोजच्या रोज चित्रात. त्यांचा हात सगळ्यांकडे नसतो, हे खरं. पण रोजची साधी गोष्ट नोंदवण्याजोगी असते, हा त्यांचा विश्वास उसना घ्यायला हरकत नाही.

कार्डांचं म्हणाल, तर मराठी घरांत दिवाळीइतकीच संक्रांतही पत्राने साजरी होत असे. पाकिटात तिळगुळाचे किंवा हलव्याचे चार दाणे, सोबत छोटं कार्ड आणि त्यावर जमेल तशी कविता. टपालातून त्या दाण्यांचं पीठ होऊन पोचायचं आणि तरी ते तोंडात टाकलं जायचं. पुढे तयार कार्डांचं युग आलं. 'आर्चीज' ही कंपनी आणि पुढे कार्डविक्रीतून मुलांसाठी पैसा उभा करणारी 'क्राय' ही संस्था, दोन्हींची स्थापना १९७९ सालची. युनिसेफचं पहिलं कार्ड तर १९४९ सालचं. युद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीने कागद नव्हता म्हणून काचेवर काढलेलं चित्र त्यावर छापलं होतं. या सगळ्या कार्डांची जागा आता सकाळी सकाळी फोनवर येणाऱ्या फुलांच्या चित्रांनी घेतली आहे. त्यावर गळा काढण्यात अर्थ नाही. उलट, छापील कार्डांची गर्दी हटल्यामुळे हाताने केलेलं कार्ड आता अधिक उठून दिसतं.

आता सामानाकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक वह्यांचा घात इथेच होतो.

कागद पूर्वी चिंध्या, ताग, जुने दोर यांपासून होत असे. पेशवाईतल्या दफ्तरांसाठी वापरला गेलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद आजही हातात धरता येतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं आणि पुण्यात कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नाव त्या कारागिरांवरून पडलं. मग युरोपात दोन सोयी निघाल्या. शाई फुटू नये म्हणून लगद्यातच तुरटी आणि राळ घालायची युक्ती १८०७ साली मोरिट्झ इलिग यांनी मांडली, आणि १८४०च्या दशकात केलर यांनी लाकूड घासून त्याचा लगदा करून दाखवला. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रं घरोघर गेली, पण त्या कागदात आम्लही आलं आणि लिग्निनही. लाकडाला ताठ ठेवणारा हा घटक उजेडात पिवळा पडतो, आणि आम्ल कागदाचे धागे आतून तोडत राहतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र दुमडलं की तुटतं आणि तीनशे वर्षांपूर्वीचं मोडी पत्र तुटत नाही. कात्रण फोटोला चिकटून ठेवलं तर त्यातलं आम्ल शेजारी सरकतं आणि फोटोवर नेमका त्या चौकोनाचा तपकिरी डाग उमटतो. यावर उपाय एकच आणि स्वस्त: कात्रणाची चांगल्या कागदावर काळी-पांढरी झेरॉक्स काढून ती लावायची. झेरॉक्सची काळी भुकटी मुख्यतः कार्बन आणि प्लास्टिकची असते. ती घरगुती इंकजेटच्या रंगांपेक्षा फार टिकाऊ.

हाच नियम तिकिटांना लावावा. एसटीचं जुनं, कंडक्टरने चिमट्याने टोचलेलं तिकीट साध्या कागदावर छापलेलं असल्यामुळे अजून वाचता येतं. हल्लीच्या यंत्रातून निघणारं तिकीट, मॉलचं बिल, एटीएमची पावती, हा सगळा उष्णतेने काळा होणारा कागद. तो काही महिन्यांत कोरा पडतो, आणि प्लास्टिकच्या खिशात ठेवला तर आणखी लवकर. प्रवासाची हौसेने केलेली पानं वर्षभरात रिकाम्या चिठ्ठ्यांची होतात, ती यामुळे.

हातकागदाचा पर्याय आपल्या अंगणातलाच आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याला मगनवाडीत कागदाचे प्रयोग सुरू झाले, त्यांत के. बी. जोशी होते. त्यांनीच १९४० साली पुण्यात हातकागद संस्था काढली. कपड्याच्या कारखान्यांतल्या सुती कतरणीपासून केलेल्या कागदात लिग्निन नसतं, धागा लांब असतो, घडीवर तो चटकन तुटत नाही. मात्र डोळे झाकून घेऊ नये. फुलांच्या पाकळ्या आणि पानं घालून केलेला जो कागद दुकानात सगळ्यात सुंदर दिसतो, तोच वहीच्या पोटात सर्वात त्रासदायक. पाकळ्या तपकिरी होतात, त्यांचा रंग उतरतो. तो कार्डाच्या दर्शनी भागाला वापरावा, फोटोखाली कधीच नाही. आणि हातकागदाचा पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे बारीक टोकाचा पेन त्यावर अडखळतो. जाड टोकाचा पेन किंवा बोरू चालतो.

चिकटवण्याचा विषय निघाला की प्रत्येक घरात एक मत असतं. आजीची मैद्याची खळ कागदाला उत्तम धरायची. बांधणीवाले त्यात मोरचूद घालत, कारण नुसती खळ म्हणजे झुरळांना आणि कसरीला जेवणाचं आमंत्रण. पांढरा फेविकॉल धरतो घट्ट, पण त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना आक्रसतो. पान तरंगांसारखं होतं ते त्यामुळे. मोठ्या कागदाला तो लावायचाच असेल तर पातळ थर, आणि वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाब. बाकी कामाला गोंदाची कांडी आणि दुहेरी टेप पुरते. साध्या पारदर्शक टेपेचं नाव काढू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि पट्टी सुटून पडते. जपानी कागदी टेप सुरेख दिसते. तिची कथाही गमतीची: ती बनवणारी कामोई ही कंपनी मुळात माश्या पकडायचा चिकट कागद करायची, मग रंगाऱ्यांसाठी टेप करू लागली, आणि तोक्योच्या तिघी जणींनी त्या टेपेच्या सौंदर्यावर छोटं पुस्तक करून कंपनीला पाठवल्यावर २००८ साली सजावटीच्या टेपा बाजारात आल्या. पण रंगाऱ्याची टेप सहज निघावी अशीच केलेली असते. तेव्हा ती शोभेला ठीक. तिच्या भरवशावर फोटो लावू नये.

फोटोला तर गोंद लागूच नये. आपल्या जुन्या अल्बमांची काळी पानं, मधला जाळीच्या नक्षीचा पातळ कागद आणि फोटोचे चार कागदी कोपरे, ही व्यवस्था आजही सर्वोत्तम आहे: फोटो हवा तेव्हा काढता येतो. नंतर आलेले चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पडदा असलेले अल्बम ही सर्वात वाईट व्यवस्था. त्यांतला गोंद वयाने कडक होतो आणि फोटो मागून फाटल्याशिवाय निघत नाही. घरात असे अल्बम असतील तर पानासकट फोटो काढून घ्यावेत आणि स्कॅन करून ठेवावेत. पातळ दोरा, म्हणजे दात साफ करायचा दोरा, फोटोखालून हळूहळू सरकवत नेला तर फोटो पुष्कळदा सुटतो. प्लास्टिकचे खिसे घेताना वास घ्यावा. नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी. ते ठेवून द्यावं आणि पॉलिप्रॉपिलीनचे मागावेत. ज्यांना खात्रीच हवी त्यांनी अल्बमवर फोटो ॲक्टिव्हिटी टेस्टचा उल्लेख शोधावा. फोटोजवळचा कागद किंवा गोंद त्याला बिघडवतो का, हे त्या चाचणीत तपासलेलं असतं. 'ॲसिड-फ्री' एवढाच शिक्का पुरेसा नाही.

पानाच्या आकाराबद्दल माझा आग्रह आहे. बारा इंची चौरस पान अमेरिकन कपाटांना शोभतं. आपल्या घरच्या किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या ए-फोर स्कॅनरवर ते मावत नाही, आणि ज्या पानाची प्रत काढता येत नाही ते बहिणीला अमेरिकेत किंवा मावशीला नागपूरला पाठवता येत नाही. आठ इंची चौरस किंवा सरळ ए-फोर घ्यावं. एका पानावर पोस्टकार्ड आकाराचे, म्हणजे चार बाय सहा इंची, दोन फोटो पुरे. एक मोठा, एक त्याहून कापून लहान केलेला, मागे एकाच रंगाचा कागद चारी बाजूंनी थोडा दिसेल असा, आणि पानाचा तिसरा हिस्सा लिहायला कोरा. नवशिक्यांची पानं फसतात ती चार कोपऱ्यांत चार फुलं लावल्यामुळे. सजावट एका ठिकाणी गोळा करावी, फोटोच्या जवळ; बाकी जागा मोकळी सोडावी.

आणि तो कोरा तिसरा हिस्सा. इथे बहुतेक जण "अविस्मरणीय क्षण" लिहून मोकळे होतात. कोणत्याही घरातला काळ्या पानांचा अल्बम उघडा. पगडीतले गृहस्थ, नऊवारीतली मुलगी, खुर्चीच्या हातावर कोपर टेकलेला तरुण, आणि घरातली सर्वात वयस्कर व्यक्ती म्हणते, "हे बहुधा नानांचे साडू, किंवा मग त्यांचे धाकटे भाऊ." पुढच्या पिढीत ते 'बहुधा'ही उरत नाही. तेव्हा पानावर आधी नावं, डावीकडून उजवीकडे. मग गाव, तारीख, निमित्त. त्यानंतर फोटोत न दिसणारं काहीतरी: त्या दिवशी लाइट गेले होते, काकूंनी पुरणपोळी आणली होती पण पिशवी रिक्षात राहिली, मागे दिसणारं घर आता पाडलंय. लिहायला रंगद्रव्याच्या शाईचा काळा पेन घ्यावा. बॉलपेनची शाई उजेडात उडते आणि कागदात तेलकट उतरते. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. आजच्या फोटोंना मागे प्लास्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही. त्यांची माहिती पानावरच यावी.

कार्डाचं तंत्र याहून सोपं, पण त्यात गणित आहे. ए-फोर कार्डशीट मधोमध कापली की दोन तुकडे, एकेक दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड. ते सी-सिक्स पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२मध्ये, आरामात बसतं. कागद २२० ते ३०० जीएसएम. तीनशेचा घेतला तर कार्डाचं वजन सुमारे सव्वानऊ ग्रॅम, पाकिटाचे तीन-चार. साध्या पत्राचा टपालातला पहिला टप्पा वीस ग्रॅमचा, म्हणजे सजावटीला सहा-सात ग्रॅम उरतात. त्यावर गेलं आणि तिकीट कमी पडलं, तर नॉटपेडचे दुप्पट पैसे ज्याला शुभेच्छा दिल्या त्याच्याकडूनच घेतले जातात. शिवाय टपाल कार्यालयातल्या शिक्क्याखाली अर्धा मोती चिरडतो आणि पाकीट फाडतो. टपालाने जाणारं कार्ड सपाट असावं. उठावाचे थर हातोहात द्यायच्या कार्डासाठी राखावेत.

घडी घालण्याआधी रेघ ओढायची: पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने किंवा लोण्याच्या सुरीच्या पाठीने दाबून. कागदाच्या धाग्यांना एक दिशा असते. ताव दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून बघितला तर एका बाजूने तो कमी विरोध करतो. घडी त्या दिशेला समांतर आली तर कड साफ येते, आडवी आली तर तडकते आणि गडद रंगाच्या कार्डशीटचा पांढरा गाभा उघडा पडतो. कापायला स्टीलची पट्टी आणि कटर. शाळेतल्या कात्रीने सरळ रेघ कोणालाच कापता येत नाही. एवढ्या सामानावर आयुष्यभराची कार्डं होतात. कापणी यंत्राने नक्षी भराभर निघते, पण दोन-चार कार्डांसाठी ते घेणं म्हणजे निव्वळ चैन.

चित्रासाठी आपल्याकडे एक अक्षय साठा आहे: जुन्या लग्नपत्रिका. गणपती असल्यामुळे त्या रद्दीत टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. त्यांच्यावरचे उठावाचे गणपती, कलश, मोर, सोनेरी कडा कापून घ्याव्यात. पत्रिकेचं जाड पाकीट उलटं उलगडून पुन्हा चिकटवलं की आतली कोरी बाजू बाहेर येते. माझ्या मते आपल्या समाजात सर्वाधिक उपयोगी पडणारं हातचं कार्ड म्हणजे आहेराचं पाकीट. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, काही ना काही असतंच. दुकानातलं पाकीट उघडून पैसे काढून कचऱ्यात जातं. घरी केलेल्या पाकिटाच्या आत दोन ओळी असल्या तर यजमान ते बाजूला काढतात.

त्या दोन ओळी मराठीत असाव्यात हे सांगायला नको, पण बाजार तसं करू देत नाही. शिक्के, स्टिकर, कापायच्या डाय, सगळीकडे "हॅपी बर्थडे". देवनागरीचे शिक्के शोधावे लागतात. याची भरपाई हाताने करता येते. र. कृ. जोशी, कमल शेडगे, अच्युत पालव यांच्यासारख्या अक्षरकलाकारांनी देवनागरी अक्षराला किती रूपं आहेत हे दाखवून ठेवलंय. त्यांची नक्कल करायला जाऊ नये. कापलेल्या बोरूने किंवा तिरक्या टोकाच्या पेनने शिरोरेघ शेवटी ओढली तरी अक्षर एकदम सावरतं. आणि "तुमच्या जीवनात आनंदाचे क्षण येवोत" असली भाषणी वाक्यं टाळावीत. "मावशी, तुझ्या हातची आंबाडीची भाजी अजून जिभेवर आहे" हे वाढदिवसाच्या कार्डावर पुरेसं आहे.

हा छंद आज मराठी घरांत सर्वात जोमाने कुठे दिसत असेल, तर एकसष्टी, पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी. मुलं आणि सुना मिळून आई-वडिलांच्या आयुष्याची वही करतात: पहिली नोकरी, जुनं घर, बदल्या, नातवंडांची पत्रं. पुष्कळदा ती छापून घेतलेली फोटो-पुस्तकं असतात आणि त्यात वाईट काही नाही; दहा प्रती निघतात, परगावी पाठवता येतात. फक्त मोबाइलवर आलेले फोटो छापायला देताना मूळ फाइल मागून घ्यावी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो; चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईला किमान बाराशे बाय अठराशे पिक्सेल लागतात. आणि अशा पुस्तकात दोन-तीन पानं कोरी ठेवावीत. समारंभाला आलेल्या माणसांना पेन देऊन तिथे लिहायला सांगितलं, की पंच्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांबद्दल त्यांच्या मुलांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टी त्या पानांवर येतात.

विक्रीचा मार्ग ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडंच. दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत हातच्या कार्डांचे गाळे असतात, विशेष मुलांच्या शाळा आणि बचत गट पणत्यांबरोबर कार्डंही मांडतात, तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्या कलावंतांच्या संघटनेची कार्डं तर जगभर जातात. एका कार्डाला तासभर लागत असेल तर गिऱ्हाईक त्या तासाचे पैसे देत नाही, हे गृहीत धरूनच उतरावं. नाव घालून, मजकूर विचारून, मागणीनुसार केलेल्या कार्डाला किंमत मिळते. मोत्यांच्या संख्येने ती वाढत नाही.

राहता राहिली जपणूक. आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर गेली की बुरशी धरायला लागते आणि फोटोचा जिलेटिनचा थर ओलसर होऊन समोरच्या प्लास्टिकला चिकटतो. वह्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. तीच भिंत आधी ओल धरते. जमिनीलगतचा खण वाळवीचा. पुस्तकासारख्या उभ्या ठेवल्या तर जड पानं खाली ओघळतात, म्हणून आडव्या, फार तर तीन-चार एकावर एक. डांबरगोळ्या कपाटाच्या कोपऱ्यात, वहीच्या आत नाही. सिलिका जेलच्या पुड्या बुटांच्या खोक्यांत येतात त्या चालतात, पण जून ते सप्टेंबर एकच पुडी पुरत नाही. आणि दसऱ्याच्या साफसफाईत गाद्यांबरोबर अल्बमही गच्चीत उन्हाला टाकायची जी सवय आहे, ती मोडावी. गादीला ऊन लागतं. रंगीत फोटोला दोन तासांची सावलीतली मोकळी हवा पुरते.